तीन वर्षांचा डॉक्टर आणि पीएचडीचा प्रश्न

अर्थशास्त्रात एमए केलेली मुलं विचारतात, 'सर, आरोग्य किंवा श्रम अर्थशास्त्रात पीएचडी करायची, तर विषय कुठून आणू?' मी म्हणतो, रायपूरकडे बघ.

छत्तीसगड राज्य झालं १ नोव्हेंबर २००० ला. तेव्हा अख्ख्या राज्यात मेडिकल कॉलेज एकच, रायपूरचं. बस्तर-सरगुजाच्या आरोग्य केंद्रांत जायला एमबीबीएस तयार नसत. मग २००१ मध्ये सरकारने कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या, पदवीचं नाव पुन्हा पुन्हा बदललं, शेवटी प्रवेशच बंद झाले. पण शिकून बाहेर पडलेली मुलं 'ग्रामीण चिकित्सा सहायक' म्हणून गावांत नेमली गेली.

आता प्रश्न असा, की ही मुलं बरी की एमबीबीएस? २०१० मध्ये एका अभ्यासाने छत्तीसगडच्या आरोग्य केंद्रांत हेच तपासलं. ठरावीक काल्पनिक रुग्ण सगळ्यांपुढे मांडायचे, काय विचाराल, काय औषध द्याल, ते नोंदवायचं. नेहमीच्या आजारांत सहायक एमबीबीएसच्या बरोबरीने उतरले. आयुष डॉक्टर मागे, नर्स-फार्मासिस्ट त्याहून मागे.

इथे टाळ्या वाजवून थांबतो तो एमएचा विद्यार्थी. पीएचडीवाला विचारतो, केंद्रावर टिकलेले एमबीबीएस कोण? ज्यांना शहरात जागा मिळाली ते तर केव्हाच गेले. म्हणजे आपण दोन अभ्यासक्रम नाही, मागे राहिलेली माणसं तोलतोय. आम्ही याला निवडीचा दोष म्हणतो. (माझं मत विचाराल, तर गावातल्या रुग्णाला मागे राहिलेलाच डॉक्टर भेटतो, त्यामुळे ही तुलनाही बिनकामाची नाही.) दुसरी गोष्ट, माहीत असणं वेगळं नि करणं वेगळं. जिष्णू दास आणि जेफ्री हॅमर यांनी दिल्लीत दाखवलं, की डॉक्टरांना जेवढं ठाऊक असतं तेवढंही ते रुग्णासाठी करत नाहीत.

श्रम अर्थशास्त्राचा धागा पुढे येतो. छत्तीसगडने अवघड आणि अतिअवघड केंद्रांसाठी जादा भत्ता ठेवला. पैशाने माणूस टिकतो का? नुसतं आधी-नंतर बघून चालत नाही, त्याच काळात रस्तेही झालेले असतात. भत्त्याच्या यादीत जेमतेम बसलेलं केंद्र आणि जेमतेम हुकलेलं केंद्र, अशा जोड्या शोधाव्या लागतात.

म्हणून सांगतो, पहिलं वर्ष इकॉनॉमेट्रिक्समध्ये जाऊ द्या. राष्ट्रीय नमुना पाहणीचा आणि २०१७ पासूनच्या श्रमबल सर्वेक्षणाचा कच्चा डेटा सांख्यिकी मंत्रालयाकडून फुकट मिळतो, तो हाताळून बघा. पण कोणता डॉक्टर कोणत्या केंद्रावर किती महिने राहिला, हे त्यात सापडणार नाही. त्यासाठी नेमणुकीचे आदेश आणि हजेरीची रजिस्टरं मागत ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. वर्ष-दीड वर्ष त्यातच जाईल, हे धरून चाला.