गाडी विजेची, प्रश्न पार्किंगचा

विजेच्या मोटारीची चर्चा बहुधा किमतीवरच थांबते. किंमत जास्त आहेच. २०१९मध्ये या गाड्यांवरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला. पण सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८वरून १८ टक्के झाला आणि करातली तफावत घटली. म्हणजे खरेदीतला जादा पैसा रोजच्या चालवण्यातूनच वसूल व्हायला हवा.

तो होतो का, हे मी वहीत मांडून पाहिलं. महिन्याला १,००० किलोमीटर, युनिटमागे ७ किलोमीटर धरले, तर सुमारे १४३ युनिट लागतात. घरची वीज १२ रुपयांनी धरली तर १,७१६ रुपये. तेच सार्वजनिक चार्जरवर २० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी धरून ३,३७५. पेट्रोलवर साधारण साडेसहा हजार जातील. दोन्हीकडे बचत आहे. पण घरी प्लग असलेल्याला आठ वर्षांत दीड लाखाहून अधिक जादा वाचतात.

या फरकामागे एक गमतीची व्याख्या आहे. चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, सेवा, असं केंद्राने २०१८मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे चार्जर उभारायला परवाना लागत नाही. मात्र विजेवर जीएसटी नाही, सेवेवर आहे! घरातल्यांनीही फार खुशीत राहू नये: महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटांपुढे टप्प्याटप्प्याने चढतो, आणि गाडीचे युनिट नेमके वरच्या टप्प्यात पडतात. २०२४च्या केंद्रीय नियमांनुसार चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर २४ युनिटची बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात, म्हणजे रात्रभर. गाडी रात्री कुठे उभी राहते, यावर सगळं ठरतं. पुण्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत मीटरपासून माझ्या पार्किंगपर्यंत तीस-पस्तीस फूट केबल लागेल. माझा अर्ज दोन सभांपासून 'आगीचा धोका' या शेऱ्यासह पडून आहे. धोका खरा असेल, तर योग्य जाडीची वायर आणि अर्थिंग हे त्याचं उत्तर. पण तपासायला अजून कुणी आलेलं नाही.

माझं अडत नाही, मी महिन्याला तीनशे किलोमीटरही फिरत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू टॅक्सी चालवतात, दिवसाला दीडशेच्या वर. बचत त्यांना हवी आहे. त्यांची गाडी रात्री रस्त्यावर, कडुनिंबाखाली उभी असते. त्यांनी अर्ज कुणाकडे करायचा?