१०,००० जीनोम आणि २० वर्षांचं अपलोड

नंदाखालहून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, मध्येच लाईट गेली तर समजून घ्या.

ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलीन नावाचं औषध देतात. बहुतेकांना ते काही मिनिटांत उतरतं. आंध्रकडच्या वैश्य समाजात मात्र काही जणांना तासन्‌तास उतरत नाही, कारण ते मोडणारं एन्झाइम त्यांच्यात जवळजवळ नसतं. पिढ्यान् पिढ्या समाजातच लग्नं झाली की असे बदल टिकून राहतात. आणि समाजातच सोयरीक करणं आपल्या वसईला काही नवीन नाही. आपल्यात काय दडलंय, ते युरोपातल्या लोकांचे जीनोम बघून कसं कळणार?

म्हणून जीनोमइंडिया प्रकल्प. ८०हून जास्त समाजगटांतल्या १०,००० माणसांचे जीनोम वाचले, आणि ९ जानेवारी २०२५ला तो डेटा संशोधकांसाठी खुला झाला.

वाचले म्हणजे काय? जीनोममध्ये साधारण ३०० कोटी अक्षरं असतात. मशीन ती सलग वाचत नाही, दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे देतं. चूक राहू नये म्हणून प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचायची. झाले एका माणसाचे ६० कोटी तुकडे! त्यातला प्रत्येक तुकडा नेमका कुठे बसतो, ते शोधायचं. तुमच्या तुकड्यांसाठी माझे तुकडे थांबत नाहीत, त्यामुळे काम वाटून एकाच वेळी करता येतं. सुपरकॉम्प्युटर म्हणजे तरी काय, एकमेकांना जोडलेले ढीगभर प्रोसेसर. पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये बनवलेला परम ८००० याच तत्त्वावर चालायचा. आज सी-डॅकचीच ब्राफ ही सुविधा जीवशास्त्राच्या संशोधकांना असं यंत्रबळ देते.

पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना विचाराल तर खरं दुखणं प्रोसेसरचं नाहीच. डेटा हलवायचं आहे. जीनोमइंडियाचा डेटा ८ पेटाबाईट, म्हणजे १२८ जीबीचे साठ हजारांवर फोन. १०० एमबीपीएसच्या लाईनवर तो पाठवायला २० वर्षं लागतील, तेही नेट एकदाही न तुटता. नंदाखालमध्ये! म्हणून मशीनच डेटापाशी न्यायचं. हा डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे, आणि तिथेच ‘ब्रह्म’ हा मोठा कॉम्प्युटरही आहे.

डेटा खुला असला तरी कुणीही डाउनलोड करावा असा नाही, संशोधकाला रीतसर परवानगी घ्यावी लागते. नाव काढून टाकलं तरी जीनोम ही स्वतःच ओळख आहे, भावंडांचीसुद्धा. उद्या आपल्या गावात कुणी अशा अभ्यासासाठी रक्त मागायला आलं, तर सही करायच्या आधी विचारा: डेटा कुठे राहणार आणि कोण बघणार?