ऐकणारे अंतःकरण

लखनौच्या एका प्रार्थनेची आणि त्यातून उमगलेल्या शहाणपणाची गोष्ट

मुलाला कोणत्या शाखेत घालावे, आलेले स्थळ पत्करावे की नाही, वडिलांचे ऑपरेशन करून घ्यावे की थांबावे, असे प्रश्न समोर आले की भलेभले गोंधळतात. अशा वेळी श्रद्धाळू माणूस देवापुढे हात जोडतो. ख्रिस्ती घरांत तेव्हा एक मागणी आवर्जून केली जाते: ‘देवा, काय करावे ते कळण्याचे शहाणपण दे.’ गणपतीकडे सुबुद्धी मागणाऱ्या वाचकाला ही मागणी परकी वाटणार नाही.

या मागणीच्या मुळाशी बायबलमधील शलमोन राजाची कथा आहे. तरुण वयात गादीवर आलेल्या शलमोनाला देवाने स्वप्नात विचारले, ‘तुला काय देऊ?’ त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, संपत्ती मागितली नाही, शत्रूंचा नाशही मागितला नाही. प्रजेचा न्याय करता यावा म्हणून त्याने शहाणपण मागितले. मूळ हिब्रू शब्दांचा सरळ अर्थ होतो ‘ऐकणारे अंतःकरण’. पुढे नव्या करारात याकोबाच्या पत्रातही हाच धागा आहे. ज्याला शहाणपण कमी पडते त्याने ते देवाकडे मागावे, तो कोणाला न हिणवता उदार हाताने देतो, असा दिलासा तेथे मिळतो. मात्र त्याच पत्रात थोडे पुढे ऐकण्यात तत्पर आणि बोलण्यात सावकाश राहण्याची सूचनाही आहे.

हे ऐकणे प्रत्यक्ष आयुष्यात कसे असते? त्याचे एक उदाहरण लखनौमध्ये सापडते.

थकलेला धर्मोपदेशक

इ. स्टॅन्ली जोन्स हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी 1907 मध्ये भारतात आले, तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते. लखनौच्या इंग्रजी भाषिक चर्चचे काम त्यांच्याकडे सोपवले गेले. उत्साह दांडगा, कामाचा डोंगरही मोठा. आठ-नऊ वर्षांत त्यांची प्रकृती पार ढासळली. मानसिक थकव्याचे झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले. विश्रांतीसाठी ते मायदेशी गेले, पण परतल्यावर पुन्हा तेच. आता मिशनरी काम सोडावे लागणार, असे त्यांना वाटू लागले.

अशा अवस्थेत लखनौमध्ये प्रार्थना करीत असताना आपल्याला देवाचा आवाज ऐकू आला, असे जोन्स यांनी पुढे लिहून ठेवले. आपली शक्ती संपल्याचे त्यांनी कबूल केले आणि सारा भार देवावर सोपवला. त्यानंतर ते पुन्हा उभे राहिले आणि अनेक दशके काम करीत राहिले. श्रद्धावंत याला देवाची कृपा म्हणेल, दुसरा कोणी वेगळा अर्थ लावील. पण पुढे जोन्स कसे वागले, ते दोघांनाही पाहण्यासारखे आहे.

ख्रिस्ती धर्म या मातीत परका वाटू नये म्हणून काय करावे, हा प्रश्न त्यांनी थेट महात्मा गांधींना विचारला. गांधीजींनी सांगितले ते असे: ख्रिस्ती लोकांनी आधी येशूसारखे जगावे, आपला धर्म पातळ न करता आचरावा, प्रेमावर भर द्यावा आणि इतर धर्मांचा सहानुभूतीने अभ्यास करावा. शिकवायला आलेल्या माणसाने हा सल्ला मनावर घेतला. 1925 मध्ये निघालेल्या ‘द ख्राइस्ट ऑफ द इंडियन रोड’ या पुस्तकात त्यांनी तो जगापुढे मांडला. 1928 मध्ये बिशपपदी निवड झाली, तेव्हा हे आपले काम नव्हे हे ओळखून त्यांनी लगेच ते पद नाकारले.

प्रार्थना आणि औषधोपचार

सगळ्यात बोलकी गोष्ट 1950 मधली. प्रार्थनेने आपण सावरलो असे मानणाऱ्या या माणसाने लखनौच्या लालबागेत ‘नूर मंझिल’ हे मानसोपचार केंद्र सुरू केले. ‘प्रार्थना करा, सगळे बरे होईल’ एवढेच सांगून तो थांबला नाही. दुखऱ्या मनाला डॉक्टरही हवा, हे त्याने ओळखले. मनाच्या आजाराला लोक ‘वेड’ म्हणत आणि घरचे ते लपवून ठेवत, तेव्हाची ही गोष्ट आहे.

आजही अनेक घरांत, मग ती कोणत्याही धर्माची असोत, मुलगी महिनोन् महिने गप्प बसते, कर्ता पुरुष रात्र रात्र जागा राहतो आणि घरचे उपवास-नवसांवर भिस्त ठेवून वाट पाहतात. लोकलाजेपायी डॉक्टरकडे जायचे राहून जाते आणि दुखणे वाढत जाते. वास्तविक आता 2017 च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे, आणि 2022 पासून ‘टेली मानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

शहाणपण ही देवाची देणगी आहे, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. पण ती देणगी नेहमी आकाशवाणी होऊनच येते असे नाही. कधी ती अन्य धर्माच्या माणसाच्या तोंडून येते, कधी डॉक्टरच्या चिठ्ठीतून, तर कधी घरातल्या धाकट्या सुनेच्या एखाद्या वाक्यातून. मग देवघरातून किंवा चर्चमधून उठल्यावर घरातल्या माणसांचे, जाणत्यांचे आणि गरज पडली तर डॉक्टरांचे म्हणणे नीट ऐकून घ्यायला काय हरकत आहे?