करंट गेल्यावर मिक्सर चालेल, कुकर नको

कोठीतल्या आपल्या बऱ्याच घरांत आता इन्व्हर्टर आहे. ट्रूप बाजार आणि गुजराती गल्ली जवळच असल्याने घेणेही सोपे. पण करंट गेल्यावर स्वयंपाकघरातले त्यावर काय लावावे, हे विचारायचे राहून जाते. आमचेही राहिले. गेल्या उन्हाळ्यात भात अर्धवट शिजलेला असताना करंट गेला, म्हणून आम्ही राइस कुकर इन्व्हर्टरवर लावला. भात झाला. रात्री पुन्हा करंट गेला, आजींना नेब्युलायझर लावायची वेळ आली, तर इन्व्हर्टर नुसता पीं-पीं करत होता. शेवटी शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर काम भागले.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. पण लेड-अॅसिड बॅटरी दरवेळी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य घटते, म्हणून ९०० धरावे. त्यातले थोडे इन्व्हर्टरच खातो. हाती साधारण ७०० उरतात, बॅटरी जुनी असेल तर आणखी कमी. ७०० वॉटचा कुकर अर्ध्या तासात त्यातले ३५० घेतो. तेवढ्यात ७० वॉटचा पंखा पाच तास फिरला असता. नेब्युलायझरला तर दहा मिनिटांना २५ पुष्कळ झाले.

मिक्सर ७५० वॉटचा असला तरी चटणीला दोनच मिनिटे लागतात, म्हणजे २५ वॉट-तास. अडचण सुरुवातीच्या झटक्याची. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते आणि लहान इन्व्हर्टर ट्रिप होतो. भांडे अर्धेच भरावे, पहिल्या वेगावर सुरू करावे. इडलीचे वाटण करंट येईपर्यंत थांबू शकते.

फ्रिज लावूच नये. दार उघडले नाही तर तीन-चार तास थंडावा टिकतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर त्याची मोटर घुरघुरते आणि तापते, ते वेगळेच.

इंडक्शनचा विषयच नको. २००० वॉटसाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून १७० अँपिअरच्या वर करंट जावा लागतो. शिडाच्या बोटींवर राहणारे काही लोक बॅटरीवर इंडक्शन चालवतात, पण त्यांच्याकडे लिथियमच्या मोठ्या बॅटऱ्या आणि अंगठ्याएवढ्या जाड तारा असतात. आपल्याकडे गॅस आहे.

आम्ही आता स्वयंपाकघरातला ६ अँपिअरचा एकच सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवला आहे. १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग त्यात बसत नाही. राइस कुकरचा मात्र बसतो, म्हणून वर चिठ्ठी चिकटवली आहे: फक्त मिक्सर.