उरलेल्या अन्नाचा हिशेब: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुपे आणि भोवतालची गावं म्हणजे बारामती तालुक्याचा जिरायती भाग. कॅनॉलच्या पाण्यावर ऊस उभा राहिलेला बागायती पट्टा निराळा, आणि पावसाकडे व जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणारा हा मुलूख निराळा. १९७२च्या दुष्काळातली मिलोची भाकरी आणि कामावर मिळालेली सुकडी आठवणारी माणसं इथं अजून आहेत. अशा घरांतून अन्न वाया जाईल, हे कुणालाच पटत नाही. घरोघरची नासाडी मोजायला निघालं, की पहिली गाठ पडते ती याच समजुतीशी.

गैरसमज १: नासाडी श्रीमंत देशांत आणि शहरांत होते.

वस्तुस्थिती: संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार घरातून वाया जाणाऱ्या अन्नाची जागतिक सरासरी माणशी वर्षाला ७९ किलो आहे. भारताचा अंदाज ५५ किलोंचा, म्हणजे दिवसाला माणशी सुमारे १५० ग्रॅम. पाच माणसांच्या घरात हे वर्षाला पावणेतीन क्विंटल होतं. यात साली, कोयी, हाडंही धरलेली आहेत. श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतला माणशी फरक जेमतेम ७ किलोंचा निघाला. खेड्यात आकडा कमी भरतो हे खरं, पण त्याचं एक मोठं कारण म्हणजे उरलेलं गोठ्यात आणि उकिरड्यावर जातं. मुळात ते उरतच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

गैरसमज २: खरी नासाडी लग्नात आणि हॉटेलात.

वस्तुस्थिती: २०२२ मध्ये जगात दुकानं, खानावळी आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६३ कोटी टन घरांतलं होतं. हॉटेलं आणि खानावळींचं २९ कोटी टन. पंगतीतलं उरलेलं सगळ्या गावाला दिसतं. घरातली अर्धी भाकरी, वाटीभर आमटी, सुकलेली मेथी रोज थोडी थोडी जाते, म्हणून डोळ्यांवर येत नाही.

गैरसमज ३: घरी जाऊन विचारलं की कळतं.

वस्तुस्थिती: विचारलं की बहुतेकांचं उत्तर असतं, ‘आमच्यात काही वाया जात नाही.’ यात खोटेपणा नसतो. टाकलेलं लक्षात राहत नाही, इतकंच. रोज वहीत लिहायला सांगितलं तरी नोंद कमी भरते, आणि लिहिणारा माणूस तेवढे दिवस जपून वागतो. म्हणून अभ्यासक कचरा वेगळा करून प्रत्यक्ष वजन करण्यावर अधिक भरवसा ठेवतात. पण काट्यालाही सगळं कळत नाही. सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई उरलेलं शिळं स्वतः संपवते, तेव्हा वजन शून्य भरतं आणि त्याचा भार तिच्या तब्येतीवर पडतो. अशा घराला ‘नासाडी नाही’ म्हणून शाबासकी देणं अन्यायाचं आहे.

गैरसमज ४: जनावरांना घातलं म्हणजे सत्कारणी लागलं.

वस्तुस्थिती: जनावरांच्या पोटात गेलेलं अन्न आंतरराष्ट्रीय मोजणीत वाया गेलेलं धरत नाहीत, आणि चतकोर भाकरीने गाईला काही होत नाही. मात्र भात, पोळ्या, गोडधोड घमेल्याने पुढे ठेवलं, तर पोटात आम्ल वाढून आम्लधर्मी अपचन होतं. वेळेवर उपचार झाले नाहीत तर जनावर दगावतं. लग्नसराईत हे हमखास घडतं. शिवाय माणसासाठी पिकवलेल्या बाजरीवर खर्ची पडलेलं पाणी, खत आणि मजुरी गोठ्यातून परत मिळत नाही.

गैरसमज ५: अन्न उरतं ते घरातल्या बाईच्या निष्काळजीपणामुळे.

वस्तुस्थिती: स्वयंपाक एकीने करायचा आणि कोण, किती, कधी जेवणार हे बाकीच्यांनी ठरवायचं, हे उरण्याचं मोठं कारण आहे. एमआयडीसीतून शिफ्ट संपवून येणारा मुलगा बाहेर खाऊन येतो. पाहुणे येणार म्हणून जास्तीचं कालवण होतं आणि पाहुणे येत नाहीत. आठवडे बाजारात आठ दिवसांची भाजी एकदम घ्यावी लागते आणि उन्हाळ्यात ती चौथ्या दिवशी मान टाकते. वीज गेली की फ्रीजमधलं दूध नासतं. पाकिटावरची ‘बेस्ट बिफोर’ तारीख चव आणि दर्जाविषयी असते, पण ती उलटली म्हणून चांगला जिन्नसही फेकला जातो. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख मात्र पाळायलाच हवी.

मग मोजायचं कसं?

एखाद्या बचत गटाने किंवा शाळेच्या वर्गाने मनावर घेतलं, तर सुप्यात हे सहज होईल. घरात दोन डबे ठेवायचे: एकात साली-देठं, दुसऱ्यात खाण्याजोगं होतं पण टाकावं लागलं ते. गोठ्यात गेलेल्याची आणि शिळं कुणी संपवलं याची नोंद वेगळी. रात्री वजन करून पुढे कारण लिहायचं: जास्त झालं, कुणी जेवलं नाही, खराब झालं, की आवडलं नाही. सणाचा दिवस आणि साधा दिवस, दोन्ही यायला हवेत.

२०३० पर्यंत माणशी नासाडी निम्म्यावर आणायचं जगाचं ठरलं आहे. प्रत्येक घराचं कारण निराळं, म्हणून उपायही निराळा. ‘खराब झालं’ जास्त असेल तर भाजी कमी आणावी. ‘कुणी जेवलं नाही’ हेच पुन्हा पुन्हा येत असेल, तर बाहेर जेवणाऱ्याने पीठ मळायच्या आधी घरी फोन करावा. त्या नोंदीतलं निम्मं काम स्वयंपाकघराबाहेरच्या माणसांचं आहे.