पंप व ठिबक संच सदोष निघाल्यास जबाबदारी कोणाची?

विहिरीवर पाणबुडी पंप बसविणे असो, जमिनीत नळ गाडणे असो, वा बागेत ठिबक संच अंथरणे असो, ही कामे आज शेतकरी स्वतःच्या हाताने क्वचितच करतो. माल दुकानदाराकडून येतो, तो बसविण्यास त्याचाच मिस्त्री येतो आणि काम आटोपताच दोघेही निघून जातात. शेतकऱ्याजवळ राहतो तो बसविलेला संच आणि त्याच्या भरवशावर उभे केलेले पीक. संच नीट चालला तर प्रश्न उरत नाही. तो बिघडला म्हणजे मात्र दुकानदार कारखान्याकडे बोट दाखवितो, कारखानदार जोडणी चुकली असे सांगतो आणि मिस्त्री पाण्यातील गाळास दोष देतो. तिघांचा हा वाद चालू असता पीक कोणासाठीही थांबत नाही.

समजा, सांगोल्याकडील एखाद्या बागायतदाराने दोन एकरांत १५ फूट × १० फूट अंतरावर डाळिंब लावले आहे. झाडे सुमारे ५८० होतात. प्रत्येक झाडास ताशी ४ लिटर पाणी देणारे दोन ड्रिपर आहेत. दोन तास संच चालविल्यास झाडास १६ लिटर पाणी मिळावयास हवे. परंतु शेवटच्या ओळींतील ड्रिपर ताशी दोनच लिटर देत असतील, तर तेथील झाडास ८ लिटरच मिळतील. वरून पाहता सर्व ड्रिपर ठिबकत असतात, म्हणून दोष लक्षात येत नाही. बहर धरल्यावर फुले गळू लागतात, पुढे ओलाव्याच्या चढउतारामुळे फळे तडकतात, तेव्हा कोठे शंका येते. तोपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणून दोष शोधण्याची वेळ ही नुकसान झाल्यानंतरची नव्हे, तर संच बसविला त्याच दिवसाची होय.

दोष कोठे आहे?

ही परीक्षा सोपी आहे. एक मोजपात्र व घड्याळ एवढेच साहित्य लागते. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरमधून ३ मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी यावयास हवे. ओळीच्या आरंभी, मध्ये व शेवटी असे काही ड्रिपर मोजावेत आणि आकडे वहीत लिहावेत.

ओळीच्या आरंभी पाणी पुरेसे व शेवटी कमी असे सर्वत्र आढळल्यास दाब कमी पडत आहे असे समजावे. लॅटरल प्रमाणाबाहेर लांब टाकली आहे, सबमेनचा व्यास लहान आहे, किंवा जमिनीचा चढ हिशेबात घेतला नाही, अशी कारणे संभवतात. हा आखणीचा व जोडणीचा दोष आहे. कमी पाणी देणारे ड्रिपर कोठेही विखुरलेले आढळल्यास प्रथम फिल्टर धुवावा व लॅटरलची टोके उघडून गाळ वाहू द्यावा. क्षार साठले असल्यास शिफारशीप्रमाणे आम्लप्रक्रिया करावी. त्यानंतर पाणी वाढले, तर दोष देखभालीचा होता. स्वच्छ करूनही नव्या ड्रिपरमध्ये मोठा फरक राहिला, तर मूळ मालाविषयी शंका घेण्यास जागा आहे.

पंपाचेही तसेच आहे. २०० लिटरची टाकी १०० सेकंदांत भरली तर पंप सेकंदास २ लिटर पाणी देतो. विहिरीची खोली व एकूण उंची लक्षात घेता पंपाच्या पत्रकात जो आकडा दिला आहे, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. मोटार जळल्यास स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले व एक फेज गेल्यास मोटार बंद करणारे साधन होते काय, हे आधी तपासावे. ते बसविलेच नसेल, तर मिस्त्रीचे काम अपुरे होते. ते बसविले असूनही कोणी काढून टाकले असेल, तर तो दोष इतरांच्या माथी मारता येणार नाही.

कायदा काय सांगतो?

मालविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १६ मध्ये जुने पण मोलाचे तत्त्व आहे. माल कोणत्या कामासाठी हवा हे ग्राहकाने विक्रेत्यास सांगितले आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या कामास योग्य असला पाहिजे. मात्र ग्राहकाने स्वतःच विशिष्ट व्यापारी नावाचा माल मागितला, तर या संरक्षणास मर्यादा येते. म्हणून दुकानात केवळ नाव सांगून पंप मागू नये. विहिरीची खोली, पाण्याची पातळी, क्षेत्र व विजेचा दाब सांगावा आणि हा तपशील कोटेशनवर लिहून घ्यावा.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष मालामुळे होणाऱ्या हानीबद्दल कारखानदार, सेवा देणारा व विक्रेता या तिघांच्या जबाबदाऱ्या त्यात वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. निर्मितीतील वा रचनेतील दोष, ठरलेल्या प्रमाणापासून झालेला फरक आणि वापराच्या अपुऱ्या सूचना यांबद्दल कारखानदार जबाबदार असतो. बसविण्याची सेवा सदोष असल्यास ती देणारा जबाबदार असतो. विक्रेत्याने मालाची जुळणी वा तपासणी करताना वाजवी काळजी घेतली नाही, मालात फेरफार केला, किंवा स्वतःची वेगळी हमी दिली, तर “माल कंपनीचा आहे” एवढे म्हणून तो सुटू शकत नाही. उलट, ग्राहकानेच मालाचा गैरवापर केला वा त्यात बदल केला असेल, तर त्याचा दावा टिकणे कठीण होते.

शेतकरी हा ग्राहक आहे काय, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. सदोष बियाण्यांच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यांस ग्राहक न्यायमंचाकडे जाता येते असा निर्णय दिला. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरावयाचा माल हा कायद्याने व्यापारी हेतूचा मानला जात नाही.

कागद जपावेत

तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही. शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१) पक्के बिल घ्यावे. त्यावर मालाचे नाव, आकार, क्रमांक आणि बसविण्याची मजुरी वेगळी लिहिलेली असावी. मजुरी बिलात असली म्हणजे जोडणी कोणी केली हा वाद राहत नाही.

२) हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घ्यावी.

३) मालावरील भारतीय मानक चिन्ह व क्रमांक पाहावा. लॅटरलसाठी आयएस १२७८६, ड्रिपरसाठी आयएस १३४८७, पाणबुडी पंपसंचासाठी आयएस ८०३४ हे क्रमांक आहेत.

४) बिघाड होताच लेखी कळवावे व त्याची पोच ठेवावी. छायाचित्रे घ्यावीत.

५) सदोष भाग फेकू नये व दुसऱ्या मिस्त्रीकडून घाईने उघडवू नये. आयोग तो प्रयोगशाळेत तपासणीस पाठवू शकतो. पीक वाचविण्यासाठी भाग बदलणे भागच असेल, तर आधी पंचनामा करून जुना भाग जपून ठेवावा.

दाद कोठे मागावी?

प्रथम दुकानदार व कारखानदार या दोघांनाही लेखी मुदत द्यावी. बहुतेक प्रश्न येथेच सुटावेत. न सुटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे तेथे चालतात आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार देता येते, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरूनही ती दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सदोष भाग दुरुस्त करणे, माल बदलून देणे, किंमत परत करणे व हलगर्जीपणाने झालेल्या नुकसानीची भरपाई देणे असे आदेश आयोग देऊ शकतो.

गावपातळीवरील कर्मचाऱ्यांचे कर्तव्य

ठिबक संचास केंद्राच्या योजनेतून लहान व सीमांत शेतकऱ्यांस खर्चमानाच्या ५५ टक्के व इतरांस ४५ टक्के अनुदान मिळते. त्यासाठी शेतावर तपासणी होते. ही तपासणी म्हणजे नळ्या अंथरल्या आहेत की नाहीत एवढे पाहणे नव्हे. संच चालू करून पाणी मोजावे, आकडे नोंदवावेत आणि मगच काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही व्हावी. घाईने झालेली एक सही पुढे शेतकऱ्याच्याच विरुद्ध पुरावा ठरते. तसेच दोष देखभालीचा असल्यास तेही शेतकऱ्यास स्पष्ट सांगावे. पक्षपात न करता केलेली नोंदच सर्वांच्या उपयोगी पडते.

प्रामाणिक दुकानदारासही यातून तोटा नाही. संच बसविल्यावर शेतकऱ्यासमोर पाणी मोजून देणारा आणि पहिल्या हंगामात एकदा फेरी मारणारा विक्रेता पुढील दहा गिऱ्हाइके त्याच शिवारात मिळवितो. विक्रीबरोबर जबाबदारी संपत नाही, ती तेथून सुरू होते. शेतकऱ्याने मात्र आपल्या संचाचे पाणी आजच मोजून पाहावे. बहर धरल्यावर मोजण्यापेक्षा तो धरण्यापूर्वी मोजणे केव्हाही हिताचे.