सराफ्यातील रात्र आणि आठची गोळी

माझ्या आईचे माहेर इंदूरचे. होळकरांच्या राज्यामुळे तेथे रुजलेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकी तिचे एक. राजवाड्याला लागून असलेला सराफा बाजार दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्यांचा. सायंकाळी पेढ्यांची दारे लागली की त्यांच्याच ओट्यांसमोर कढया चढतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत खाणाऱ्यांची वर्दळ असते. लहानपणी वडिलांचे बोट धरून आई तेथे जात असे. गेल्या डिसेंबरात, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, तिने एकच इच्छा व्यक्त केली : ‘‘गराडू खायचाय, आणि तोही सराफ्यातच.’’

गराडू म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातकुळीतला कंद. थंडीत तो तळून, वर जिरावन मसाला आणि लिंबू पिळून देतात. आईला वीस वर्षांपासून मधुमेह आहे. परंतु या वयात जिभेवर पहारा बसवण्यापेक्षा मार्ग काढावा, असे माझे मत आहे. तेव्हा आम्ही निघालो.

आठ वाजता, नेहमीच्या वेळी, मी स्वतः तिला गोळी दिली. ‘पोटात जागा ठेवू’ म्हणून मामाकडे कोणीच जेवलो नाही. शनिवार होता, त्यात नाताळच्या सुट्ट्या. वाहन दूर ठेवावे लागले. गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचायलाच साडेनऊ वाजले. आत माणसांचा लोंढा. अर्धेअधिक लोक खाण्यापेक्षा भ्रमणध्वनीवर चित्रण करण्यात गुंतलेले. कोठे पेटते पान ग्राहकाच्या तोंडात भरवले जात होते, कोठे दह्याचा द्रोण हवेत उडवून झेलला जात होता. भुट्ट्याच्या किसाशेजारी मोमो आणि पिझ्झा. बसायला जागा म्हणून नाही.

पंधरा-वीस मिनिटे रेटारेटीत गेल्यावर आई चिडून म्हणाली, ‘‘हा आपला सराफा नव्हेच. घरी चल.’’ मला वाटले, जुना बाजार हरवल्याचे दुःख आहे. मी तिची समजूत घालत राहिलो. मग तिने मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारली. हात धरला तो ओला होता. इंदूरच्या त्या थंडीत तिच्या कपाळावर घाम आला होता. तेव्हा कोठे माझ्यातला डॉक्टर जागा झाला. गोळी पोटात जाऊन दोन तास होत आले होते आणि अन्नाचा कण नव्हता. रक्तातील साखर उतरली होती. साखर मोजण्याचे यंत्र मामाच्या घरी, बॅगेत!

एका बंद पेढीच्या ओट्यावर तिला बसवले. समोर टोपभर जिलब्या होत्या आणि माझा पुतण्या त्याच आणायला धावला. मी त्याला थांबवले. जिलबी तळलेली असते आणि तुपामुळे तिची साखर रक्तात उशिरा उतरते, रबडीचेही तेच. येथे हवी साधी साखर. एका विक्रेत्याने न विचारताच वाटीभर काढून दिली. तीन चमचे पाण्यात विरघळवून आईला घोट-घोट पाजली. दहा-बारा मिनिटांत ती म्हणाली, ‘‘अरे, इतके घाबरलेले का दिसता सगळे?’’ घरी आल्यावर साखर 96 भरली. मग वरण-भात भरवला आणि पहाटेपर्यंत दोनदा पुन्हा मोजली; कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा अंमल बराच काळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

तीस वर्षे रुग्णांना मी जे सांगत आलो, तेच घरी विसरलो. म्हणून हे लिहितो आहे. वृद्धांमध्ये साखर 70 च्या खाली गेली की थरथर आणि घाम येईलच असे नाही. कित्येकदा केवळ चिडचिड, असंबद्ध बोलणे किंवा गप्प होणे एवढेच दिसते. शंका आली आणि यंत्र जवळ नसेल, तर साखर देऊन मोकळे व्हावे. पंधरा मिनिटांत फरक न पडल्यास पुन्हा द्यावी. गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर साध्या साखरेचा उपयोग लवकर होत नाही. अशांनी ग्लुकोजची पूड खिशात ठेवावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. तडक रुग्णालय गाठावे. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही; धोका ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्यांचा आणि इन्सुलिनचा. प्रवासाला निघण्यापूर्वी, जेवण लांबले तर मात्रेचे काय करायचे, हे आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

मंगळवारी आम्ही पुन्हा गेलो. हो, पुन्हा! मामींनी याला वेडेपणा म्हटले. या वेळी आठ वाजता गोळी आणि लगेच मुगाची खिचडी. शौचाला जाऊन, बंद बूट घालून, घडीची खुर्ची पुतण्याच्या खांद्यावर टाकून नऊला सराफ्यात. गर्दी निम्मी. सहा जणांत एक प्लेट, डोळ्यांसमोर तळलेली. चटणी आणि बर्फ वर्ज्य. जिरावनमध्ये मीठ असते, म्हणून रक्तदाबासाठी तेही बेताने.

आईने गराडूचे चार तुकडे खाल्ले, चमचाभर कीस चाखला. मग दिव्यांच्या झगमगाटाकडे शांतपणे पाहत म्हणाली, ‘‘हा आपला सराफा नव्हेच.’’

मी घाईघाईने तिचा हात धरला. कोरडा आणि उबदार होता.

‘‘साखर नाही उतरलेली,’’ ती म्हणाली, ‘‘जिरावन कमी घातलंय.’’